निवाडा डोळे मिटल्याबरोबर झाला, मग मागाहून मिस्सा कशाला?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता, सांगली)

आमच्या शेजारचे काका मूळ वसईचे, कॅथलिक. रेल्वेत होते. मिरज जंक्शनला बदली झाली आणि निवृत्तीनंतर विश्रामबागेतच राहिले. काकू जूनमध्ये गेल्या.

२ नोव्हेंबरला त्यांच्यात मृतांचा दिवस असतो. काकांचे गुडघे गेलेत, म्हणून मी गाडी काढली. वाटलं होतं फुलं ठेवायची, दोन मिनिटं हात जोडायचे आणि परत यायचं. तर काकांच्या पिशवीतून निघालं काय? खुरपं, मेणबत्त्यांचे दोन पुडे आणि तळ कापलेल्या चार प्लॅस्टिकच्या बाटल्या. पावसाळ्यात मातीवर हरळी माजली होती, ती मी खुरपली. वारा सुटला होता. काकांनी प्रत्येक मेणबत्तीवर एकेक बाटली कंदिलाच्या काचेसारखी बसवली. म्हणाले, "मागच्या वर्षी वसईला न्यायला हिनेच कापल्या होत्या. हिच्या आईसाठी." मग फादर आले, सगळ्या कबरींवर पाणी शिंपडत गेले.

परत येताना काका आपणहून बोलले. "तिचा निवाडा त्याच रात्री झाला. आमच्यात डोळे मिटले की लगेच असतो." मी गप्प राहिलो. कॉलेज कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "महिनाभर तिच्या नावानं मिस्सा आहेत." (मिस्सा म्हणजे त्यांच्या चर्चमधली मुख्य उपासना.)

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. निकाल लागून गेल्यावर वकील कोण लावतं? काकांना विचारलं तर म्हणाले, "फादरला विचार. मला आता गुडघेसुद्धा टेकता येत नाहीत, मी काय सांगू!"

त्यात त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत 'जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल' असंही आहे म्हणे. म्हणजे न्याय दोनदा? इथे कुणी जाणकार असेल तर सांगा. कुणाच्या श्रद्धेची टिंगल करायला धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो.

---

भडंगप्रेमी

दोनदा न्याय म्हणजे आधी तालुका कोर्ट, मग हायकोर्ट. सोपंय की लेका.

---

वसईची_लेक (सध्या सातारा)

भडंगप्रेमी, हसले, पण तसं नाही. वरच्या कोर्टात खालचा निकाल फिरू शकतो. इथे फिरत नाही.

मी वसईची, लग्नानंतर गेली बावीस वर्षं साताऱ्यात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हेच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काका बरोबर सांगतात. माणूस मरतो त्याच क्षणी त्याच्या आत्म्याचा वैयक्तिक न्याय होतो आणि तो निकाल कायमचा असतो. पण निकाल दोन नाहीत, तीन निघू शकतात. सरळ स्वर्ग, नरक, किंवा शुद्धीस्थान. आणि गोंधळ होतो तो नेमका इथेच. शुद्धीस्थान म्हणजे सौम्य नरक नाही की स्वर्ग आणि नरकाच्या मधला वेटिंग रूम नाही. तिथे पोचलेला प्रत्येक जण स्वर्गातच जाणार आहे. एकालाही माघारी पाठवत नाहीत.

वर्गात मी असं सांगते. शेतातून चिखलाने भरलेला माणूस दारात येतो. आई म्हणते, "ये आत, पण आधी पाय धू." घरात घ्यायचं की नाही हा प्रश्नच नाही, ते ठरलेलं आहे. पाय तेवढे धुवायचे राहिलेत. आणि गुडघ्यापर्यंत चिखल असला की एकट्याला नीट धुता येत नाहीत, कुणीतरी तांब्याने वरून पाणी घालतं. मिस्सा म्हणजे तो तांब्या. काकांना निकाल बदलून नकोय. ते पाणी घालताहेत.

---

कृष्णाकाठचा

ताई, तांब्या डोक्यात बसला. पण माफी मिळाली असेल तर चिखल राहतोच कसा?

---

वसईची_लेक

तुम्ही सांगलीचे, म्हणून उसाचं सांगते. शेजाऱ्याच्या उभ्या उसाला तुमच्या हातून आग लागली. तुम्ही जाऊन पाय धरलेत, त्याने मनापासून माफ केलं. वैर संपलं. पण ऊस? तो काही पुन्हा उभा राहिला नाही. कुमसार, म्हणजे फादरपुढची पापकबुली, केली की दोष जातो. पापाने जी मोडतोड झाली, बाहेर आणि आपल्या स्वभावात, ती भरून काढायची राहते. इथे जगताना भरली तर उत्तम. नाहीतर तिथे.

---

मिरजकर_तंबोरा

जय ख्रिस्त. मी मिरजेचा, प्रेस्बिटेरियन. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन दवाखाना काढला, आमचं घराणं त्या दवाखान्याच्या सावलीत वाढलं. आजोबा तिथे कंपाउंडर. हे सांगायचं कारण एवढंच, की सांगली-मिरज-सातारा भागातले बरेचसे ख्रिस्ती प्रॉटेस्टंट आहेत आणि वर जे चाललंय ते सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत समजू नये.

आमच्या मंडळीत मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत. अंत्यविधीला पाळकसाहेब प्रार्थना करतात ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. गेलेला माणूस प्रभूच्या हाती गेला, विषय संपला. ताईंचा तांब्या गोड आहे, पण पाय धुण्याचं काम प्रभूने वधस्तंभावर पुरं केलंय. वर आपण पाणी घालायचं म्हणजे त्याचं काम अपुरं राहिलं असं होतं. शुद्धीस्थान हा शब्द बायबलमध्ये दाखवा.

---

वसईची_लेक

जय ख्रिस्त दादा. शब्द नाही, मान्य. 'त्रैक्य' (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हाही शब्द बायबलमध्ये नाही आणि ते आपण दोघंही मानतो.

खरी अडचण अशी की तुमच्या घरच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि माझ्या घरच्यात ७३. त्या जादा सातांत मक्काबींचं दुसरं पुस्तक येतं. त्याच्या १२ व्या अध्यायात यहूदी सेनापती यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी चांदीच्या दोन हजार द्राख्मा गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मेल्यावर त्या सैनिकांच्या कपड्यांत मूर्तींचे ताईत सापडले होते. मेलेले उठणार नसते तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणं वेडेपणा ठरला असता, असं तिथे सरळ लिहिलंय. तुम्ही म्हणणार ते पुस्तक आम्हाला प्रमाण नाही. म्हणून हा वाद पाचशे वर्षं मिटत नाहीये.

आणि पाय धुण्याचं म्हणाल तर योहान १३ काढा, ते तुमच्याकडेही आहे. प्रभू पेत्राला सांगतो, ज्याची अंघोळ झालीय त्याला पाय धुण्यापलीकडे कशाची गरज नाही. म्हणजे अंघोळ झालेल्याचेही पाय धुवायचे राहतात! (चर्च हे वचन शुद्धीस्थानाचा पुरावा म्हणून देत नाही, हा माझा आगाऊपणा.)

---

मिरजकर_तंबोरा

हा डाव चांगला टाकलात. पण ते पाय प्रभूनेच धुतले, पेत्राच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांनी नाही :)

---

शंकासूर

सगळं ठीक. पैशाचं बोला. मिस्सा फुकट असते का? श्राद्धाला दक्षिणा आणि मिस्सेला पाकीट, फरक काय? मेलेल्याच्या नावावर जिवंताच्या खिशात हात घालायचा धंदा सगळ्या धर्मांत सारखा आहे.

---

मिरजकर_तंबोरा

शंकासूर, इथे मी कॅथलिकांची बाजू घेणार नाही, कारण आमचं घरच या भांडणावर उभं राहिलंय. टेट्झेल नावाचा धर्मगुरू जर्मनीत हिंडून पापाच्या शिक्षेतली सूट विकत होता, रोममधलं सेंट पीटर बांधायला पैसा हवा होता. आमचा प्रॉटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या लूथरने याविरुद्ध ९५ मुद्दे काढले ते ३१ ऑक्टोबर १५१७ ला. तारीख बघा. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस, ज्यासाठी धागाकर्ते खुरपं घेऊन गेले होते.

---

वसईची_लेक

ती चूक झाकायचं कारण नाही. ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) १५६३ मध्ये शुद्धीस्थानावर जो ठराव केला तो वाचण्यासारखा आहे. शुद्धीस्थान आहे आणि तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनांची, विशेषतः मिस्साबळीची, मदत होते, शिकवण म्हणून एवढंच. पुढे बिशपांना तंबी दिलीय की साध्या लोकांपुढच्या प्रवचनांत किचकट प्रश्न उकरू नका आणि पैशाचा वास येईल असं काही चालू देऊ नका. १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैसे घेऊन मिळणाऱ्या सगळ्या सवलती रद्द केल्या.

आज मिस्सेसाठी लोक दान देतात, हो. पण चर्चच्या कायद्यात व्यापाराचा भाससुद्धा होता कामा नये असं कलम आहे. आणि गरिबाने काहीच दिलं नाही तरी त्याच्या माणसासाठी मिस्सा करावी, असंही फादरांना त्याच कायद्यात सांगितलंय. तरीही कुठे कुणी गैरफायदा घेत नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माणसं आहेत.

एक गंमत. माझ्या आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात एकेका प्रार्थनेखाली छापलंय, 'तीनशे दिवसांची सूट'. लहानपणी आम्ही बेरजा करायचो, आज आजोबांना किती वर्षं लवकर सोडवलं म्हणून. माझ्या भावाने एका दुपारी चाळीस वर्षं जमवली आणि आजीकडे पेरूसाठी पैसे मागितले. पुढे कळलं की ते दिवस शुद्धीस्थानातले नव्हतेच. जुन्या काळी इतके दिवस प्रायश्चित्त करून जेवढं फळ मिळायचं तेवढं, असा त्याचा अर्थ. १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी ही दिवसांची मोजणीच काढून टाकली.

---

भडंगप्रेमी

भावाला पेरू मिळाला का नाही ते सांगा आधी.

---

वसईची_लेक

मिळाला. भाऊ हिशेब फार करतो म्हणून आजीने अर्धा कापून आजोबांच्या नावाने शेजारच्या मुलाला दिला.

---

माहुलीकर

धागा आवडला. आमचं घर संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णेच्या काठी. लहानपणापासून दहाव्याचे विधी बघत वाढलो. पिंडाला कावळा शिवेना की कुणीतरी म्हणतं, "काय राहिलं असेल यांचं?" मग मोठा मुलगा हात जोडून सांगतो, धाकट्याचं लग्न मी करून देईन. आणि कावळा येतो. मला वाटतं काकांच्या बाटल्या आणि आमचा कावळा एकाच गावचे.

पण एक फरक जाणवतो. आमच्याकडे चित्रगुप्त वही लिहितो, जमाखर्चाप्रमाणे पुढचा जन्म. तुमच्यात पुण्य साठ टक्के, पाप चाळीस, म्हणजे पास, असं काही असतं का?

---

वसईची_लेक

माहुलीकर, कावळ्याचं वाचून घशात आवंढा आला.

पुनर्जन्म नाही, हे पहिलं. इब्री लोकांस पत्रात (९:२७) आहे, माणसाने एकदाच मरायचं आणि मग न्याय. आणि टक्केवारीही नाही. मरताना माणूस देवाकडे तोंड करून आहे की पाठ करून, हा प्रश्न. जाणूनबुजून, पूर्ण समजून केलेलं गंभीर पाप, आणि शेवटपर्यंत पश्चात्ताप नाही, ती पाठ. नरक म्हणजे देवाने ढकलणं नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे १९९९ च्या जुलैमध्ये एका बुधवारच्या प्रवचनात म्हणाले होते की नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे, देवापासून स्वतःहून कायमचं तुटलेल्याची. आणि चर्चने हजारोंना संत म्हणून जाहीर केलंय, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर एकाही माणसाचं नाव घेऊन जाहीर केलेलं नाही.

पण वही अगदीच नाही असंही नाही. मत्तय २५ वाचा. शेवटच्या न्यायाला राजा विचारतो काय? मी भुकेला होतो, खायला दिलंत का? उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, आलात का? उपास किती केले हे त्या यादीत नाही.

---

कृष्णाकाठचा

दुसरा न्याय राहिला ताई. निकाल आधीच लागलाय तर शेवटी पुन्हा सगळ्यांना बोलवायचं कशाला?

---

तासगाव_द्राक्ष

वाचनमात्र असतो, पण याचं उत्तर थोडंसं वाचलेलं आहे, म्हणून लिहितो. मी ख्रिस्ती नाही, तत्त्वज्ञान शिकवायचो.

थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या कॅथलिक तत्त्वज्ञाने याचा छान विचार केलाय. माणूस मेला तरी त्याचं सगळं संपत नाही. पोरं मागे राहतात, त्याचं नाव राहतं, कधीकधी खोटंच राहतं. त्याने केलेल्या कामांचे परिणाम चालूच राहतात. आमच्या गावात एका सावकाराने अडीनडीच्या काळात लिहून घेतलेल्या जमिनीची भांडणं त्याच्या पणतवंडांच्या पिढीत चालू आहेत. त्याच गावात कुणीतरी खोदलेल्या विहिरीचं पाणी लोक अजून पितात आणि खोदणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. या दोघांचा हिशेब ते मेले त्या दिवशी पुरा कसा होणार? तो जग संपेल तेव्हाच पुरा होतो, आणि सगळ्यांसमोर. म्हणजे दुसऱ्या न्यायात निकाल बदलत नाही, उघड होतो. शिवाय पहिल्या वेळी फक्त आत्मा असतो. शेवटी शरीर पुन्हा उठतं, म्हणजे अख्खा माणूस हजर.

अवांतर: अक्वायनस १२७४ मध्ये लिऑनच्या परिषदेला जाताना वाटेत वारला. त्याच परिषदेत मृत्यूनंतरच्या शुद्धीची शिकवण अधिकृतपणे मांडली गेली.

आणखी एक. 'लगेच' हे कायम इतकं पक्कं नव्हतं. पोप जॉन बाविसावा १३३१ च्या सर्व संतांच्या सणाला आविन्योंमध्ये प्रवचनात म्हणाला की शेवटच्या न्यायापर्यंत पुण्यवानांनाही देवाचं मुखदर्शन होत नाही. गहजब झाला. १३३४ मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी त्याने ते मत मागे घेतलं. पुढच्या पोपने, बेनेडिक्ट बाराव्याने, १३३६ मध्ये फर्मान काढून ठरवून टाकलं: वाट बघायची नाही, लगेच.

---

शंकासूर

पोपच चुकला म्हणजे! हे आवडलं.

---

वसईची_लेक

चुकला, पण ते त्याचं खासगी मत होतं, शिकवण म्हणून जाहीर केलेलं नव्हतं. तासगावकर सर, तुम्ही आमच्या वर्गावर या. पुढची बॅच तुमची.

---

भडंगप्रेमी

आता चेष्टा नाही, खरंच विचारतो. शरीर उठणार असेल तर जाळलेल्याचं काय? आणि आमच्यासारख्या बाप्तिस्मा न झालेल्यांचं काय? आमची म्हातारी रोज तुळशीला पाणी घालणारी. तिला काय उत्तर?

---

वसईची_लेक

जाळण्याला १९६३ पासून परवानगी आहे. ज्याने मातीतून माणूस केला त्याला राखेतून जड जाणार नाही. फक्त राख नदीत सोडू नये, विखरू नये, असं रोमने २०१६ मध्ये पुन्हा सांगितलंय. एका पवित्र जागी ठेवावी, म्हणजे लोकांना प्रार्थनेला जाता येतं. तुमच्याकडे कृष्णेत अस्थी सोडल्या की मोकळं वाटतं, आमच्याकडे जागा लागते. तिथे मात्र आपण वेगळे आहोत.

म्हातारीचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहून ठेवलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला जागून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. 'मिळतंच' असं नाही म्हटलेलं, 'मिळू शकतं'. पण ते माझ्याही बाबतीत तेवढंच आहे.

आता एक लिहू की नको असं वाटत होतं. माझ्या आजीचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, बाप्तिस्म्याआधी. तेव्हाच्या नियमाने त्याला कब्रस्तानाच्या पवित्र मातीत जागा नव्हती, कुंपणाबाहेर पुरलं. ते मूल लिंबोत आहे, सुखात आहे, पण देव दिसत नाही, असं तिला सांगितलं होतं. ती दर २ नोव्हेंबरला एक मेणबत्ती कुंपणाबाहेर लावायची. लिंबो ही कधीच पक्की श्रद्धा नव्हती, धर्मपंडितांची अटकळ होती. २००७ मध्ये रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितलं की अशी मुलं देवाजवळ आहेत अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत. आजी त्याआधीच गेली. तिला सांगायचं राहिलं.

---

मिरजकर_तंबोरा

ताई, यावर मला वाद घालायचा नाही.

आणि एक कबूल करतो. आई गेली तेव्हा घरी आल्यावर रात्री मी म्हटलं होतं, "प्रभू, तिला सांभाळ." मंडळीत हे बसत नाही. तोंडातून निघालं.

---

शंकासूर

माझा मुद्दा कायम आहे. पण आज इतकंच.

---

माहुलीकर

ताई, एक शंका. शुद्धीस्थानात किती दिवस लागतात? दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध असं काही? आणि मिस्सा नेमक्या किती?

---

वसईची_लेक

सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा करतात, पण ती रीत आहे, हिशेब नाही. सलग तीस दिवसांच्या मिस्सांची प्रथाही आहे. पोप ग्रेगरींच्या मठात एका साधूने तीन सोन्याची नाणी लपवली होती. तो मेल्यावर ग्रेगरींनी त्याच्यासाठी तीस दिवस मिस्सा करवल्या, तिथून ती आली. बाकी तिथला वेळ इथल्या कॅलेंडरने मोजता येत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात लिहिलंय की शुद्ध करणारी आग म्हणतात ती म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताची भेट, आणि त्या क्षणाची लांबी आपल्या घड्याळात बसत नाही. म्हणून उशिरा केलेली प्रार्थनाही वाया जात नाही. धागाकर्ते, तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेही आहे.

---

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी सगळे प्रतिसाद काकांना वाचून दाखवले. तांब्याला मान डोलावली. पेरूला हसले. कुंपणाबाहेरच्या मेणबत्तीला उठून आत गेले आणि पाच मिनिटांनी चहा घेऊन आले.

त्यांच्या चर्चमध्ये नोव्हेंबरभर आल्तारजवळ, म्हणजे वेदीजवळ, एक पेटी असते. लोक आपापल्या मृतांची नावं कागदावर लिहून पाकिटात घालतात आणि सगळ्यांसाठी मिस्सा होते. काकांनी कागद काढला. काकूंचं नाव, काकूंच्या आईचं, आणखी आठ-दहा वसईची. मग पेन तसंच धरून मला विचारलं, "तुझ्या आजोबांचं नाव काय?"

म्हटलं, आमचं चालतं का? म्हणाले, "मिस्सा कुणासाठीही करता येते. फादरला मी मागेच विचारलंय."

आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, गोत्र सांगायला लागेल का? काका म्हणाले, नाव पुरे.

पण आडनाव मी लिहायला लावलं. गावात त्या नावाचे चौघे होते.

---

भडंगप्रेमी

पेटीत जागा आहे का अजून? आमच्या म्हातारीचं नाव व्यनि करतो.

---

कृष्णाकाठचा

म्हातारी जिवंत आहे की रे!

---

भडंगप्रेमी

म्हाताऱ्याचं लिहायचं होतं. आधीच्या प्रतिसादात म्हातारी होती, त्यात बोट घसरलं. तिला सांगू नका.